काळ्या डब्याची नवमी

काकूंनी मला तारलं. काय झालं ते पुढे सांगतो, पण हे आधी लिहून टाकतो. गोष्ट सांगायला बसलं की माणूस यंत्राचंच सांगत बसतो आणि ज्याने हात दिला तो शेवटी एका ओळीत उरतो. तसं व्हायला नको. त्यांना मी कधी नावाने हाक मारली नाही, इथेही मारणार नाही. वर्ध्यात ज्यांच्या मोटरपंपाच्या दुकानात मी कामाला होतो, त्या काकांच्या त्या पत्नी. माहेर तिकडच्याच रोहणा गावचं. आवाज असा, की मागच्या अंगणातून बोलल्या तर रस्त्यावरची भाजीवाली उत्तर द्यायची. हातातल्या बांगड्यांत सदा दोन-चार सेफ्टी पिना अडकवलेल्या.

मी मूळचा कोकणातला. आमचं गाव खाडीच्या अलीकडे आणि हायस्कूल पलीकडे. तरीतून, म्हणजे होडीतून, जायचं, तरीतून यायचं. आठवीत होतो तेव्हा वडिलांना अंथरूण धरावं लागलं, घरातलं एक माणूस कमवायला जाणं भाग होतं आणि ते माणूस मी ठरलो. केबलसाठी चर खणणाऱ्या टोळीत लागलो. खणत खणत कुठच्या कुठे गेलो आणि शेवटी वर्ध्याला आलो. टोळी पुढे निघून गेली, मी तापाने मागे राहिलो. काकांच्या दुकानाच्या ओट्यावर कुडकुडत बसलो होतो. ते बाहेर आले आणि म्हणाले, "काऊन बे, मरून राह्यला का इथं?" मला ते रागावलेत असंच वाटलं. उठून चालायला लागलो तर दंड धरून आत नेलं आणि चहा पाजला. त्यांची बोली कानाला सरावायला मला बरेच महिने लागले. प्रेमाने बोलतात की हाकलतात हे आधी चेहऱ्यावरूनच ओळखावं लागे.

दुकान पुढे, घर मागे, घराच्या मागे एक खोली. ती मला मिळाली.

दोन हजार सहा-सातचं साल असावं. काकांचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणायचो, पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आला आणि त्याने घरात इंटरनेट आणलं. दुकानाला लागून जी पुढची खोली होती तिथे हिशोबाचा कॉम्प्युटर आणि माडीवर त्याचा स्वतःचा. लाइन एकच, तर दोघांना कशी द्यायची? भिंतीवर दोन डबे टांगले. पांढरा डबा लाइन देणाऱ्या कंपनीचा, टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट ओढून आणणारा. काळा डबा दादाने विकत आणलेला, आलेलं इंटरनेट वाटून देणारा. काळ्यातून एक वायर खालच्या कॉम्प्युटरला, एक भिंतीला भोक पाडून माडीवर. भोक मी पाडलं. वायरीही मीच ओढल्या. चर खणलेल्या माणसाला वायर कुठून न्यायची ते बरं कळतं.

दादाने मला हौसेने शिकवलं. म्हणाला, "बघ, इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला नंबर असते. आपण नाव लिहितो, पण मशीनले नाव समजत नाई, तिले नंबर लागते. मंग ती कोणाले तरी विचारते, या नावाचा नंबर काय? तिकडून नंबर आला का मंग जाते." मी म्हटलं, "म्हणजे आपण फोनच्या चौकशीला विचारतो तसं?" तो खूश झाला. "अगदी तसंच. अन् आपल्या लाइनवाल्यांची चौकशी हाये ना, ती झोपते. फोन उचलतच नाई. म्हणून म्या काळ्या डब्यात दुसऱ्या एका चौकशीचा नंबर टाकून ठेवला. तो कधी झोपत नाई."

हे मी ऐकलं आणि ठेवून दिलं. पुढे कामाला येईल म्हणून नाही. कोणीतरी समोर बसून शिकवतंय याचंच मला अप्रूप होतं.

त्याच सुट्टीत त्याने मला दुसरी एक गोष्ट सांगितली. घरबसल्या दहावी देता येते. मुक्त विद्यालय म्हणून असतं, शाळेत बसावं लागत नाही, नोंदणी इंटरनेटवरून होते. मी हसून सोडून दिलं. पण ते डोक्यातून गेलं नाही. पंपाची मोटर उघडताना, आतल्या तारेची गुंडाळी बघताना मनात यायचं, दहावी झाली तर आयटीआय करता येईल, इलेक्ट्रिशियन होता येईल, कोणी विचारलं किती शिकलास तर मान खाली घालावी लागणार नाही. चार महिने मी स्वतःशी हो-नाही करत राहिलो. शेवटी घरी पत्र टाकलं, शाळेचा दाखला पाठवा. दाखला काही येईना. आईला शाळेत जायला खाडी ओलांडावी लागायची आणि पावसात तरीची होडी बंद. नोंदणीची शेवटची तारीख जवळ आली तरी पत्ता नाही. मी मनाशी म्हटलं, बरं झालं, नशिबातच नाही. आणि आदल्या दिवशी पोस्टमनने पाकीट आणून दिलं. शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरात दाखला, घडीत बारीक वाळू.

शेवटची तारीख होती नवमी. संध्याकाळी सहापर्यंत.

ही तारीख गेली असती तर पुढची संधी पुढच्या वर्षी. लोक म्हणतील, त्यात काय, पुढच्या वर्षी. पण मी स्वतःला ओळखून होतो. चार महिने लागले होते एवढा धीर गोळा करायला. हा एकदा सांडला की मी परत भरणार नव्हतो.

आता नवमी म्हणजे खंडेनवमी. काकांच्या घरी हा दिवस दसऱ्यापेक्षा मोठा. दुकानातली एकूण एक अवजारं, पाने, हातोडे, मीटर, गुंडाळीचं मशीन, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदीकुंकू, झेंडू, नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत अवजाराला हात लावायचा नाही. हात म्हणजे बोटसुद्धा नाही. काकांच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं होतं. तरुणपणी एका नवमीला, पूजा झाल्यावर, घाईत असलेल्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी गुंडाळीचं मशीन सुरू केलं होतं. त्यानंतर ते या बाबतीत कोणाचंच ऐकत नसत आणि त्यांच्याशी वाद घालायची छातीही कोणाला नव्हती.

सकाळपासून साफसफाई. खालच्या कॉम्प्युटरच्या वायरी काढून मी तो पुसला, परत जोडला. भिंतीवरचे दोन डबे काकूंनी स्वतः पुसायला घेतले, "तू राहू दे, तुया हाताचा ग्रीस लागते." डबे चालूच होते. काका म्हणाले, "लाइट लागून हाये तर राहू दे, देवापुढं दिवा असतेच." मग पूजा झाली. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या वर कुंकवाची बोटं, माऊसवर झेंडू, दोन्ही डब्यांवर हळदीचा ठिपका आणि मधून गेलेली एक माळ.

मी भीत भीत विचारलं, "काका, माडीवरचा लावू का? माझं ते नोंदणीचं आहे आज."

त्यांनी विचार केला. "वरचा चालव. त्याले आपण पुजलाच नाई. तो पोट्ट्यायचा खेळ हाये, अवजार नाई. पण खाली काई छेडू नको."

मी दाखला, फोटोची सीडी घेऊन माडीवर गेलो. कॉम्प्युटर लावला. पत्ता लिहिला. पडद्यावर चाक फिरत राहिलं आणि मग तो पांढरा कागद आला, पान उघडता येत नाही. परत लिहिला, अक्षर अक्षर बघून. तेच. दुसरं कोणतं पान उघडतं का पाहिलं. तेच.

 खाली जाऊन पाहून आलो, हात पाठीमागे बांधून, जसं देवळात पाहतात. दोन्ही डब्यांचे दिवे हिरवे. माळेच्या आडून लुकलुकत होते. लाइन आहे. मग पान का नाही?

वर येऊन दादाने शिकवलेली काळी खिडकी उघडली. त्यात ठिकाणाला हाक मारता येते, पिंग म्हणतात, ठिकाण जिवंत असलं तर उत्तर देतं. नावाने हाक मारली. सांगितलं, असं कोणी सापडत नाही. मग दादाने पाठ करून घेतलेला एक नंबर होता, त्या नंबराने हाक मारली. ओ आली. एकामागून एक, चार वेळा, स्वच्छ. पुन्हा नावाने, नाही. पुन्हा नंबराने, ओ.

म्हणजे रस्ता चालू आहे. फोन चालू आहे. चौकशीवाला उचलत नाही.

एवढं मला कळलं आणि एवढ्यावर माझं ज्ञान संपलं. आणि खरं सांगायचं तर कळल्यामुळे भीती कमी झाली नाही, वाढली. सगळंच बंद असतं तर नशिबाला बोल लावून खाली आलो असतो.

सायकल काढली. बाजारात कॅफे होता तिथे गेलो. शटर अर्धं खाली. वाकून पाहिलं तर आत ओळीने कॉम्प्युटर आणि प्रत्येकाच्या डोक्यावर फूल. मालक खुर्चीत पेपर वाचत होता.

"भाऊ, पाच मिनिटं एक मशीन..."

"आज मशीनले आराम हाये."

"शेवटची तारीख आहे हो माझी. दहावीच्या नोंदणीची."

त्याने पेपर खाली केला आणि माझ्याकडे, माझ्या मिशीकडे पाहिलं. "दहावी? तुयी? अन् इतके साल काय करून राह्यला होता?" मग जरा नरमला. "राजा, पूजा केली नसती तर बसवलं असतं. उद्या सोनं घेऊन येजो, फुकट बसवतो."

स्टेशनकडच्या दुसऱ्याला तर कुलूपच. तारीख ठरवणारा कुठल्या तरी मोठ्या शहरात बसलेला असणार. त्याला काय माहीत, वर्ध्यात आज यंत्रं देवाला बसतात.

परत आलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. आता उरला दादा. तो दसऱ्यासाठी घरी यायला निघाला होता, पण गाडी उशिरा धावत होती आणि सहाच्या आत वर्ध्याला लागणार नव्हती. पुढच्या खोलीतल्या फोनवरून त्याच्या मोबाइलवर लावला. लागत नव्हता. लागत नव्हता. मग लागला, मागे गाडीचा खडखडाट.

काका पूजेसमोर आरामखुर्चीत, काकू दारात फुलवाती वळत बसलेल्या. दोघांनाही माझीच बाजू ऐकू जात होती.

मी सगळं सांगितलं. दिवे हिरवे आहेत. नंबराने ओ येते, नावाने येत नाही.

दादा म्हणाला, "म्हणजे चौकशी बंद. पण आपली चौकशी तर कधी बंद नसते रे. काळ्या डब्यात तो नंबर टाकून हाये ना. डब्याले कोणी हात लावला का?"

"नाही. डब्याला कोणी हात लावला नाही. नुसता पुसला."

"मंग आपल्या घरात काई बिघडलं नाई. बाहेरूनच गडबड हाये. त्याले तू काय करशीन, मी काय करीन? वाट पाह्य. उद्यापर्यंत होऊन जाईन."

"उद्या नाही चालत दादा."

 खडखडाट तेवढा ऐकू येत होता. काका खुर्चीतून म्हणाले, "सकाळी वायरी यानंच काढल्या. तेव्हाच काई करून ठेवलं असन कोकण्यानं." ते टोचून बोलले असं नाही, त्यांना तसं वाटलं. मलाही वाटलं. वायरी मीच काढल्या होत्या, मीच जोडल्या होत्या. परक्या घरात काही बिघडलं की माझं मन आधी माझ्यावरच संशय घेतं, ती सवय आजही गेली नाही. मी फोन ठेवणार होतो.

"थांब," काकू म्हणाल्या. "ठेवू नको. त्याले म्हण, म्या पीन घातली होती."

"काय?"

"त्या काळ्या डब्याले मागून एक बारीक भोक हाये. त्याच्यात मळ दिसला. म्या बांगडीतली पीन घातली. आत काईतरी दबल्यासारखं लागलं, म्हटलं मळ गच्च बसला हाये, म्हणून दाबून धरली. मंग सारे लाइट गेले अन् पुन्हा आले. म्हटलं आले ना, झालं."

काका खुर्चीत ताठ झाले. "अन् आता सांगून राह्यली?"

"आता समजलं मले, का डब्याले हात लावला का म्हणून इचारून राह्यला तो. हा पोरगा नाई म्हणते, अन् तुम्ही त्याच्यावर घेता. त्यानं नाई, म्या लावला."

मी दादाला सांगितलं. पलीकडून तो असा ओरडला की काकांनाही ऐकू गेलं असेल. "अरे आई! ते बटन हाये! दाबून धरलं का डबा सगळं विसरते! कोरा होते, दुकानातून आणल्यासारखा! माझा नंबर गेला त्याच्यातून. आता तो त्या झोपलेल्या चौकशीलेच विचारून राह्यला." मग घाईघाईने, "ऐक, सोपं हाये, नंबर पुन्हा टाकू. आधी वरच्या कॉम्प्युटरातच..." त्या कॉम्प्युटरात काही बदलायला मालकाचा, म्हणजे दादाचा, पासवर्ड लागत होता आणि तो त्याने इतका जपला होता की त्यालाच आठवेना. तीन सांगितले, मी तीनदा माडी चढलो-उतरलो, तिन्ही चुकले. "मंग डब्यातच टाक. वरून, वायरीतूनच उघडते तो. पडद्यावर त्याचं पान..." आणि फोन कटला.

परत लावला. लागेना. स्टेशन मागे पडलं असणार, मध्ये नुसतं रान. पुढच्या स्टेशनाची वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहवेना आणि पाहिल्याशिवाय राहवेना.

काका म्हणाले, "डब्यात टाकायचं म्हणते का तो?"

"हो. पण हात नाही लावायचा काका, माडीवरून होतं. वायरीतून."

"हात नाई लावायचा म्हणजे? बाहेरून नाई लावला, आतून लावला ना! त्याच्या पोटात घुसून फेरफार करायचा, अन् म्हणायचं हात नाई लावला. पूजेत बसला हाये तो." त्यांनी नकळत डावा हात मुठीत मिटला होता. "उद्या सकाळी उत्तरपूजा झाली का काय करायचं ते कर. आज नाई."

 बोट त्यांचं गेलं होतं, माझं नव्हतं. मी कोण सांगणारा? मी मान डोलावली. दाखला घडी करून खिशात टाकला. आणि निघायला वळलो तर काकूंनी विचारलं, "बाबू, तुमच्या कोकणात नाई का पुजत अवजारं?"

"पुजतात. होड्या पुजतात. नारळी पौर्णिमेला."

"मंग दुसऱ्या दिवसापर्यंत तशाच ठेवता?"

"नाही काकू. पूजा केली की त्याच दिवशी होडी पाण्यात लोटतात. त्यासाठीच तर पूजा असते." माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच वाटलं, जास्त बोललो.

काकूंनी फुलवातींचं ताट बाजूला ठेवलं. पदर खोचला. पाटासमोर बसल्या आणि तबकातल्या अक्षता उचलल्या.

"काय करून राह्यली?" काका.

"उत्तरपूजा."

"सकाळी असते ती!"

"पाहिजे तेव्हा असते. देव आपल्या घरचा हाये, मामलेदार नाई टायमावर बसाले."

"अन् काई झालं तर?"

"झालं तर मले होईन. पीन म्या घातली, देवबी मीच उठवते. तुमचं बोट अजून हाये माह्या डोळ्यात, मी विसरली नाई. पण पोराचं वर्ष जाईन, ते तुम्ही देता का भरून?"

 काकूंनी अक्षता वाहिल्या, हात जोडले, ओठात काहीतरी पुटपुटल्या. मग उठून काळ्या डब्यावरचं फूल काढलं आणि माळ एका बाजूला सरकवली. फुलापर्यंत नेलेला हात त्यांनी आधी एकदा मागे घेतला होता. हे मी पाहिलं. मला त्यांच्याबद्दल सांगायचंय ते एवढंच आहे खरं म्हणजे. त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. नवऱ्याचं रक्त त्यांनी स्वतः धुतलं होतं. भीत होत्या आणि करत होत्या.

फोन वाजला.

मी धावलो, पण काकूंनी मला जिन्याकडे ढकललं. "तू वर जाय! तू वर असला तर होईन ना ते!" खरंच होतं. फोन खाली, काम वर. फोन उचलला तो काकांनी. क्षणभर मला वाटलं, ठेवून देतील. मग त्यांचा आवाज आला, "हां, बोल. मीच बोलून राह्यलो. काय सांगायचं हाये त्याले?"

दादा गाडीतून सांगायचा, काका मोठ्याने म्हणायचे, काकू जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या राहून वर फेकायच्या, आणि मी माडीवर बोटांनी टिपायचो. डब्याचं पान उघडलं. त्याने नाव आणि पासवर्ड मागितला.

"काकू, पासवर्ड!"

"अहो, तो पासवर्ड मागते!"

"तो म्हणते जुना नाई चालत, डबा कोरा झाला. अ‍ॅडमिन लिही म्हणते. पासवर्ड रिकामा ठेव."

"अ‍ॅडमिन! अन् पुढं काईच नको लिहू!"

उघडलं. आत इंग्रजीचं रान. मला इंग्रजी आठवीपर्यंतचं, तेही अर्धं. दादा कोणत्या शब्दावर दाबायचं ते सांगत होता आणि तो शब्द दोन तोंडांतून माझ्यापर्यंत येईस्तोवर ओळखू येत नव्हता. शेवटी मीच ओरडलो, "अक्षरं सांगा, शब्द नको!" मग एकेक अक्षर आलं. काका डी म्हणायचे, काकू डी म्हणायच्या. मी पडद्यावर बोट ठेवून ते अक्षर शोधायचो. रिकामा चौकोन सापडला. मग नंबर. चार आकडे, मध्ये टिंबं.

"टिंब म्हणजे काय इचार त्याले!" काकू खाली ओरडल्या.

"कुंकवासारखं! पण छोटं!" काका.

नंबर टाकला. पुन्हा म्हणून घेतला. जपून ठेव असं बटण होतं ते दाबलं. खाली डबा एकदा विझला असावा, कारण काकू किंचाळल्या, "गेले! लाइट गेले!" मग, "आले. आले रे. हिरवे आले."

काळी खिडकी उघडली. नावाने हाक मारली.

ओ आली.

आनंद करायला सवड नव्हती. सहाला फार थोडा अवकाश होता आणि नोंदणीचं पान एकेक ओळ करत उतरत होतं. दाखल्यावरची जन्मतारीख लिहिली, शाळेचं नाव लिहिलं, विषय निवडले. फोटो चढायला इतका वेळ लागला की मी डोळे मिटून बसलो. सणाला वीज जाणार नाही असं सगळे म्हणत होते, पण कोण भरवसा देणार? शेवटचं बटण दाबलं आणि हात मांडीखाली घेऊन बसलो, चुकून दुसरं काही दाबलं जाऊ नये म्हणून. चाक फिरत राहिलं. मग पान बदललं आणि वर माझं नाव, बाजूला नोंदणी झाल्याचं लिहिलेलं.

खाली आलो तर दोघं जिन्यापाशीच. काका अजून रिसीव्हर धरूनच होते, पलीकडे फोन कधीच कटला होता.

"झालं का?" काकूंनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी मधेच धरलं, "आधी त्याच्या पड," म्हणून डब्याकडे बोट केलं. मी पडलो. त्यांनी पुन्हा हळदीचा ठिपका लावला, माळ नीट केली. "आता झोप म्हणा त्याले."

काका खुर्चीत जाऊन बसले. मूठ उघडून डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "नापास झाला ना बे, तर याद राख." मी हसलो. ते हसले नाहीत. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही काकू विळीवर बसल्या की ते उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहायचे. काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं असं त्या घरात दोघांना खरंच वाटत होतं, आणि तरी एकीने ते केलं.

मी पहिल्या फेरीत गणितात गेलो. दुसऱ्या फेरीत निघालो. मग आयटीआय, मग नोकरी, आणि नोकरीने मला वर्ध्यापासूनही लांब आणून टाकलं. आता ज्या शहरात आहे तिथून गाव लांब, वर्धाही लांब. इथल्या ऑफिसात काही बंद पडलं की लोक मला बोलावतात. कोणी काय केलं असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, कोणी काही केलं नाही. तेव्हा मला काकू आठवतात. त्या गप्प बसल्या असत्या तर कोणालाही कधी कळलं नसतं. आळ माझ्यावर जाऊन बसला होता, तो मीही मानला होता.

काकू, तुम्ही हे वाचणार नाही, तुम्हाला चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नाही असं दादा फोनवर सांगत होता. तो वाचून दाखवेल. पैशाने किंवा साडीने हे फिटेल असं मी समजत नाही. पण एक कबूल करतो. कधी ना कधी तुमच्यावर काही येईल, घरातलं, बाहेरचं, दुखण्याचं, बोलाचं. तेव्हा मी कुठेही असलो तरी निघून येईन आणि तुम्ही त्या दिवशी म्हणालात तसंच म्हणेन, त्यांनी नाही, मी. खरं असो की नसो. तेवढं माझ्याकडे राहू द्या, मी ते फेडणार आहे.